बेडकाची बॅटरी

थंडीच्या दिवसांत सकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला की मी नाव-गाव नंतर विचारायचो. आधी विचारायचो, "आवाज कसा येतोय?" पलीकडचा माणूस शाळेचा हेडमास्तर असो की उसाच्या टोळीचा मुकादम, तो बिचारा तोंडानं आवाज काढून दाखवायचा. "टक् टक् टक्" असं म्हणाला तर बॅटरी उतरलेली. "घुर्र... घुर्र... घु..." म्हणाला तर बॅटरीत जीव आहे, पण थंडीनं आखडलीय, दम धरा, ऊन येऊ द्या. आणि "काहीच आवाज न्हाई वो" म्हणाला तर बहुतेक वेळा तार निघालेली असायची आणि माणूस उगाच घाबरलेला असायचा. गंगाखेडला बसस्टँडच्या मागे मी तेहतीस वर्षं बॅटरीचं दुकान चालवलं. एवढ्या वर्षांत लोकांनी मला फोनवर जेवढे आवाज काढून दाखवले, तेवढे एखाद्या नकलाकारानंही काढले नसतील.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मराठवाडा म्हणजे ऊन. त्यांनी मार्गशीर्षात आमच्याकडे यावं आणि पहाटे उघड्या अंगणात उभं राहून दाखवावं. दर थंडीला पेपरात परभणीचं नाव छापून येतं आणि आमच्या लोकांना त्याचाही अभिमान वाटतो. दुसऱ्या कशात नाव येत नाही, गारठ्यात तरी येतं.

बॅटरी म्हणजे तरी काय, शिशाच्या पातळ प्लेटा आणि तेजाबाचं पाणी. त्या दोघांचं आतल्या आत काहीतरी चालतं आणि वीज मिळते. थंडी पडली की ते काम मंदावतं. नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. म्हणजे बैल अशक्त आणि ओझं दुप्पट. म्हणून भाद्रपदात ठणठणीत वाटणारी बॅटरी पौषात पहाटे मान टाकते. लोक मग सेल्फ दाबतच बसतात आणि उरलासुरला जीवही घालवतात. मी सांगायचो, पाच सेकंद दाबा, अर्धा मिनिट थांबा. पण गाडी चालू होत नसताना अर्धा मिनिट थांबणं हे आपल्या माणसाच्या कुंडलीतच नाही. रात्री बॅटरी काढून घरात घ्या, गोधडीत गुंडाळून ठेवा, हेही मीच सांगायचो. ट्रॅक्टरवाले ऐकायचे. फक्त चुलीजवळ ठेवू नका, तिच्यातून वायू निघतो, हे मात्र दहा वेळा बजवावं लागायचं.

आमच्या धंद्याची खूण म्हणजे पँटीवरची भोकं. तेजाबाचा थेंब उडालेला कळत नाही, कपडा धुतला की चाळणी हातात येते. बायकोनं माझ्यासाठी वेगळी दोरी बांधली होती आणि लग्नाकार्यात माझा शर्ट ती स्वतः तपासून द्यायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. नदीकाठच्या एका गावचे म्हातारे अण्णा दर चार महिन्यांनी बॅटरी मेली म्हणून भांडायला यायचे. उघडून पाहिली तर प्लेटांवर पांढरे थर. "पाणी कोणतं घालता?" विचारलं तर ताठ मानेनं म्हणाले, "गंगेचं. रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्या भरून आणतो. तुमच्या बाटलीतल्या पाण्याहून तर शुद्ध हाय का न्हाई?" आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. मी म्हणालो, "अण्णा, बॅटरीला पुण्य लागत न्हाई, बिनक्षाराचं नुसतं पाणी लागतंय." ते इतके रागावले की दोन वर्षं दुकानाची पायरी चढले नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मला माझ्या कामाचा गर्व होता. माझ्या दुकानातून कोणाची गाडी ढकलत गेली नाही. इंजिनाचा आवाज आला की माझं काम संपलं, असं मी मानायचो आणि चारचौघांत बोलूनही दाखवायचो. पण एक काम मी फार चांगलं केलं आणि तेच मला आज सगळ्यात जास्त डाचतं.

आमच्या दक्षिणेला डोंगराच्या कडेला एक लहान गाव आहे. तिथले किसनराव माझ्याच वयाचे. साखरेच्या आजारानं त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. रान गावापासून दीड किलोमीटर. मध्ये काळी जमीन आणि एक ओढा. पावसात तिथं मोटारसायकल जात नाही, चालणारा माणूसही चप्पल हातात घेऊन जातो. बैल विकून झाले होते. त्यामुळे कुबडीवरचा माणूस घरीच बसायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा विलास. पुण्याकडे टेम्पो चालवायचा. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी सहलीच्या लोकांना गोल गोल फिरवायची चार जाड चाकांची गाडी असते, तशी एक मोडीत निघालेली त्यानं मिळवली, टेम्पोत घालून आणली आणि गावी जाण्याआधी थेट माझ्या दुकानासमोर उभी केली. बुटकी, रुंद, हिरवी. आता तुम्हीच सांगा, तिला बेडूक नाही तर काय म्हणणार? गावानंही तेच नाव ठेवलं.

"मिस्तरी, हिला गिअर न्हाई, क्लच न्हाई," विलास म्हणाला. "अंगठ्यानं रेस द्यायची, हातानं ब्रेक दाबायचा. चिखल-ओढा काही बघत न्हाई. फक्त हिला किक बी न्हाई. बॅटरी मेली की ही मेली. माझ्या बापाला पाय न्हाई, हिला किक न्हाई. दोघांची जोडी लय भारी जमतीय बघा."

असं बोलून तो स्वतःच हसला. मी तिची तारांची भानगड निस्तरली, नवी लहान बॅटरी बसवली. पुढे एकदा त्या गावाला कामासाठी गेलो तेव्हा किसनरावांना बेडकावरून येताना पाहिलं. डोक्याला उपरणं, मागे कुबडी बांधलेली, पुढ्यात हरभऱ्याचा डहाळा, आणि तोंडावर असं हसू की मीच लाजलो. विलास गावी असला की पहाटे उठून आधी बेडूक चालू करायचा आणि दारातून ओरडायचा, "आबा, बेडूक उठला, आता तुमी उठा!" ही हकिगत मला किसनरावांनीच कौतुकानं सांगितली होती.

पुढच्या आषाढात विलास गेला. महामार्गाच्या कडेला टेम्पो लावून टायर बघत होता, मागून ट्रक आला.

त्या वर्षीच्या थंडीत गयाबाई, म्हणजे किसनरावांच्या घरच्या, पहिल्यांदा दुकानात आल्या. एसटीनं आल्या होत्या. बाजाराच्या पिशवीत बेडकाची बॅटरी, आणि पिशवी पोटाशी धरलेली. "उतरली मिस्तरी," एवढंच म्हणाल्या. मी चार्ज करून दिली. वीस दिवसांनी पुन्हा आल्या. मी म्हणालो, जुनी झाली, आणि नवी दिली. अठरा दिवसांनी ती नवीही उतरवून घेऊन आल्या. मला वाटलं होतं, किसनराव आता रानात जायला लागले, बरं झालं. नवी बॅटरी विकताना एक शब्द विचारायला हवा होता, तो मी विचारला नव्हता. आता मात्र मला राग आला, कारण माझी बॅटरी अठरा दिवसांत मरते म्हणजे काय?

"गयाबाई, गाडी दिवसाला किती चालते?"

"चालत न्हाई."

"मग बॅटरी उतरती कशी?"

"चालू करते. सकाळी मीच करते. जरासा टाईम. मग बंद करते."

"कामून?"

त्या पिशवीचा बंद पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यो आवाज आल्याबिगर ते उठत न्हाईत."

दुकानात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं म्हणून पुढचं बोलल्या. किसनराव आषाढापासून पुढच्या अंगणात आले नव्हते. रान बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदा गल्लीतल्या पोरांनी खेळता खेळता बेडकाचं बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं, तर हे आतमध्ये उठून बसले, चूळ भरली, चहा मागितला. त्या दिवसापासून गयाबाई रोज पहाटे बेडूक चालू करायच्या. कोण चालू करतंय हे किसनरावांना माहीत होतं. ते विचारत नव्हते, त्या सांगत नव्हत्या.

मी त्यांना आमच्या धंद्यातली साधी गोष्ट सांगितली. गाडी चालू करताना बॅटरीतून जेवढी ताकद जाते, ती परत भरायला गाडी बराच वेळ पळावी लागते. थंडीत तर अर्धा तास धरा. एका मिनिटात बंद केली तर काढलं घागरीनं आणि भरलं वाटीनं. रोज असं केलं तर हौद कितीही मोठा असो, कोरडाच पडणार. उपाशी बॅटरीच्या प्लेटांवर मीठ चढतं आणि मग ती कायमची जाते.

"गाडी अर्धा तास फिरवायला पायजे," मी म्हणालो.

"कोण फिरवील?"

"मग चालू करू नका. राहू द्या काही दिवस."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मागल्या गुरुवारी न्हाई झाली चालू. दुपारपोत उठले न्हाईत. गोळी न्हाई, भाकर न्हाई. डाक्टर म्हनले, साखरेच्या माणसानं असं उपाशी ऱ्हायचं नसतंय, दुसरा पाय बी जाईल न्हाई तर जीव. मिस्तरी, तुमी फक्त सकाळचं तेवढं चालू होईल असं करून द्या."

आता मला सांगा, बॅटरीवाल्याला दुसरं काय सुचणार? मी दोन दिवस दुकानात बसून एक छोटा चार्जर जुळवला. विजेला जोडून ठेवायचा, रात्रभर थोडं थोडं भरत राहायचं, पूर्ण भरली की आपोआप थांबायचं. डबा पत्र्याचा, वर हिरवा दिवा. माझ्या हातचं इतकं सुबक काम क्वचितच झालं असेल.

तो घेऊन मी निघालो ती नेमकी येळवशीची सकाळ. आदल्या दिवशी गयाबाईंचा फोन आला होता की चार्ज करून नेलेली बॅटरीही पार गेली. येळवस म्हणजे आमच्या त्या पट्ट्यातली वेळा अमावस्या. ऐन थंडीत असते. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात, मिसळ भाज्यांची भज्जी आणि भाकरी खातात, मडक्यातली ताकाची आंबट अंबील पितात. वाटसरूलाही हाताला धरून जेवायला बसवतात. मी भरलेली दुसरी बॅटरी शालीत गुंडाळून पोटाशी बांधली आणि मोटारसायकलवर दात वाजवत सातला तिथं पोचलो. ट्रॅक्टर, बैलगाड्या, डोक्यावर मडकी घेतलेल्या बाया, सगळं गाव रस्त्यानं रानाकडे चाललं होतं. किसनरावांच्या अंगणात मात्र सामसूम. बेडकावर गोधडी पांघरलेली होती. ती विलासची आहे, असं गयाबाई गोधडी काढताना म्हणाल्या. दाराशी अंबिलीचं मडकं दिसलं, तोंडाला फडकं बांधलेलं. रानात जायचं नव्हतं, तरी केली होती.

मी आधी जुनीच बॅटरी तपासायला बटण दाबलं. टक्. पुढे काही नाही.

आतून आवाज आला, "गयाऽ, आज कामून न्हाई?"

गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच उत्तर दिलं, "किसनराव, मी मिस्तरी आलोय गंगाखेडहून. बॅटरी उतरलीय."

मग कुबडीची ठकठक. किसनराव घोंगडं पांघरून दारात आले, तिथं थांबले आणि मग ओट्यावरून खाली अंगणात उतरले. गयाबाईंचा हात तोंडावर गेला. दाढी वाढलेली, माणूस निम्मा झालेला. मला राम राम केला आणि बेडकाजवळ येऊन सीटवरची धूळ तळहातानं पुसली.

"काय झालंय हिला?"

"चालवत न्हाई म्हून झालंय. एका मिनिटात काही भरत न्हाई. अर्धा तास पळाया पायजे."

"अर्धा तास," ते म्हणाले. "म्हंजी रानापोत जाऊन येणं."

"हां. तेवढंच."

त्यांनी कुबडी बेडकाला टेकवली आणि उजवा हात हँडलवर ठेवला. अंगठा रेसच्या पट्टीवर गेला. दाबली, सोडली, पुन्हा दाबली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, मागच्या ट्रॉलीत बायका-माणसं. त्यातल्या कोणीतरी किसनरावांना पाहिलं आणि हात वर केला. किसनराव त्या ट्रॅक्टरकडे वळणापर्यंत बघत राहिले. हात हँडलवरच होता. गयाबाई दारात मडक्याजवळ उभ्या होत्या.

आणि मी तोंड उघडलं. माझ्या पिशवीत तो सुबक डबा होता ना! कधी दाखवतो असं मला झालं होतं. मी तो बाहेर काढला.

"पण किसनराव, तुमी कशाला तरास घेता? मी चार्जर करून आणलाय. हा लावून ठिवायचा. रोज सकाळी एका झटक्यात चालू होणार, माझी ग्यारंटी. गाडी जागची हलवायची गरज न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हलवायची गरज न्हाई?"

"आजिबात न्हाई."

"बरं झालं," ते म्हणाले. हात हँडलवरून खाली आला. धोतराला पुसला. कुबडी घेऊन ते सावकाश ओट्यावर चढले आणि आत गेले.

मी भरलेली बॅटरी बसवली. पहिल्याच बोटाला बेडूक फुर्र करून सुरू झाला. आतून चहाच्या कपाचा आवाज आला. मी हिरवा दिवा लावून दाखवला, कुठली तार कुठं ते समजावलं. गयाबाईंनी मला अंगणातच भज्जी-भाकरी वाढली, अंबील दिली. मी पोटभर जेवलो आणि मिशीला ताव देत गावी आलो.

त्यानंतर दोन थंड्या गेल्या. गयाबाई एकदाही बॅटरी घेऊन आल्या नाहीत. मी दुकानात बसून लोकांना हे उदाहरण द्यायचो. नीट निगा राखली तर एवढीशी बॅटरीसुद्धा कशी टिकते ते बघा म्हणायचो.

यंदा चैत्रात त्या आल्या. तीच पिशवी. आतून बॅटरी काढली, चार्जर काढला, दोन्ही टेबलावर ठेवलं. मी सवयीनं आधी बॅटरीला मीटर लावलं. काटा थेट भरल्याच्या खुणेवर. माझ्याकडे आलेली कोणाची बॅटरी इतकी काठोकाठ भरलेली मी आजवर पाहिली नव्हती.

"ही तर चांगली हाय गयाबाई. कामून आणली?"

"ठिवा तुमच्याकडं. आता उठवायचं कुणाला?"

मग मला त्यांच्या कपाळाकडे पाहायचं सुचलं. किसनराव माघात गेले होते. मला कोणी कळवलं नव्हतं आणि कळवावं असं नातंही नव्हतं. मी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. काय झालं, हे त्यांनीच सांगितलं.

"सकाळी चालू केली. लगेच झाली, तुमी म्हनला तशी. ते उठले न्हाईत. म्हनलं, ऐकू गेलं नसंल. मी बंदच केली न्हाई. चालू ठिवली. रेस देऊन बघितली. अर्धा तास चालू होती मिस्तरी. मग शेजारचे आले, त्यांनी बंद केली."

मी बेडकाचं विचारलं. अंगणात आहे, म्हणाल्या. चाकं जागच्या जागी बसलीत, भेगा पडल्यात. रबराच्या नव्या चाकांवर जी बारीक केसं असतात ती अजून तशीच आहेत. विलासनं गेल्या वर्षी बदलली होती, असं त्या म्हणाल्या. मी त्यांची चूक काढली नाही. विलासला जाऊन तीन वर्षं होत आली होती.

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत.

"मिस्तरी, एक विचारू?"

"विचारा की."

"त्या येळवशीला त्यायनी हँडलवर हात ठिवला होता. तुमाला दिसला होता का?"

तेहतीस वर्षं मी लोकांना हे खराब आहे, ते खराब आहे असं तोंडावर सांगत आलो. हा एक प्रश्न आला तेव्हा मी आधी मीटरच्या तारा गुंडाळल्या.

"दिसला होता," मी म्हणालो.

"मला बी दिसला होता," गयाबाई म्हणाल्या. "अंबिलीचं मडकं उचलाया वाकले होते मी. तुमी डबा काढला, मग ठिवून दिलं."

त्यांनी बशी तोंडाला लावली, चहा संपवला, रिकामी पिशवी घडी करून काखेत घेतली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाल्या.